कॅसलव्हेनिया ३: जपानी संगीत, अमेरिकन संगीत आणि आपल्या टीव्ही गेमचा आवाज

साताऱ्याच्या एका कॉलेजातल्या मुलाने विचारलंय. तो कीबोर्ड वाजवतो आणि गॅदरिंगसाठी 'कॅसलव्हेनिया ३' या जुन्या व्हिडिओ गेममधल्या पहिल्या टप्प्याची चाल बसवतोय. त्याला त्या चालीची दोन रूपं सापडली. जपानी रूप भरदार आहे, अमेरिकन रूप बारीक. खरं कुठलं, फरक कशाने पडला आणि बसवायला कुठलं घ्यावं, हे त्याचे प्रश्न. शेवटी त्याने एक ओळ जोडली आहे: 'माझे मामा म्हणतात, आमच्या वेळी टीव्ही गेमवरची गाणी इतकी पळत नव्हती, हे कुणीतरी फास्ट केलंय. मामांच्या आठवणीत गोंधळ आहे का?'

मामांचं आधी सांगून टाकतो. त्यांच्या आठवणीत काडीचाही गोंधळ नाही. त्यांनी जे ऐकलं ते संथच वाजत होतं, आणि त्याचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. तो पुढे मांडतो. आधी तुझ्या दोन आवृत्त्या बघू.

नव्वदच्या दशकात सांगलीत कापड पेठेमागच्या एका बोळात मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली काम करायचो. मे महिन्याच्या सुट्टीत टीव्ही गेमचे सेट यायचे, एका दिवसात पाच-सहासुद्धा. बहुतेकांचं दुखणं ठरलेलं असायचं: अडॅप्टर गेला, रिमोटची वायर तुटली, कॅसेट लागत नाही. पण अधूनमधून एक वेगळीच तक्रार यायची. चित्र एकदम स्वच्छ, खेळही चालतोय, पण आवाज शून्य. मी ॲम्प्लिफायरच्या बाजूला शोधत बसायचो, कपॅसिटर बदलायचो, काही उपयोग नाही. शेवटी दुकानाच्या मालकांनी मला कॅसेट उलटी धरून दाखवली. एका बाजूला तीस पट्ट्या, दुसऱ्या बाजूला तीस. मागच्या रांगेतल्या बरोबर मधल्या दोन पट्ट्या खोडरबरने घासल्या, स्पिरिट लावलं, कॅसेट बसवली आणि आवाज आला. आवाज तर सेटमधल्या चिपमध्ये तयार होतो, मग कॅसेटच्या पट्टीवरची धूळ तो कसा अडवते? या प्रश्नाचं उत्तर मला त्यानंतर कितीतरी वर्षांनी मिळालं, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे.

आपले टीव्ही गेम हे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या नकला होते. फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आलं. त्याच्या कॅसेटला साठ पट्ट्या. त्यातल्या ४५ नंबरच्या पट्टीतून यंत्राचा आवाज कॅसेटमध्ये शिरतो आणि ४६ नंबरच्या पट्टीतून परत येऊन टीव्हीकडे जातो. म्हणजे आवाज कॅसेटच्या घरी जाऊन येतो. साध्या कॅसेटमध्ये या दोन पट्ट्या आतल्या आत जोडलेल्या असतात, जसा गेला तसा परत. त्यांच्यावर धूळ बसली की वाट बंद. पण ज्याला हवं तो या वाटेवर मध्येच स्वतःची चिप बसवून आपले जादा सूर मिसळू शकतो. निन्टेन्डोने स्वतः १९८६ साली फॅमिकॉमला जोडायची डिस्क सिस्टिम काढली तेव्हा याच वाटेने एक जादा चॅनेल, म्हणजे एका वेळी एक सूर वाजवणारी आणखी एक जागा, दिला. 'झेल्डा' आणि 'मेट्रॉइड' या खेळांची डिस्कवरची सुरुवातीची धून आणि अमेरिकन कॅसेटवरची धून लागोपाठ ऐकलीस तर फरक लगेच कळेल.

तुझा खेळ बनवणाऱ्या कोनामी कंपनीने पुढचं पाऊल टाकलं. 'अकुमाजो देन्सेत्सु', म्हणजे तुझा कॅसलव्हेनिया ३, डिसेंबर १९८९ मध्ये जपानात आला, त्याच्या कॅसेटमध्ये व्हीआरसी६ नावाची चिप होती. संगीत हिदेनोरी माएझावा, जुन फुनाहाशी आणि युकिए मोरिमोतो यांचं. यातले माएझावा ही चिप घडवण्याच्या कामातही होते. ज्याला सूर लावायचे आहेत तोच वाद्य घडवायला बसला, असा योग फार क्वचित येतो. म्हणूनच ती चिप संगीताच्या अंगाने इतकी नेमकी आहे असं मला वाटतं. व्हीआरसी६ वर एकूण तीनच खेळ निघाले. बाकीचे दोन 'मादारा' आणि 'एस्पर ड्रीम २'.

अमेरिकेत हेच यंत्र १९८५ साली एनईएस म्हणून गेलं तेव्हा त्याचं रूप बदललं. कॅसेट मोठी, पट्ट्या बहात्तर. पट्ट्या वाढल्या, पण त्यांत आवाजाच्या जाण्या-येण्याची ती जोडी राहिली नाही. दहा पट्ट्या यंत्राच्या तळाशी असलेल्या जादा जोडणीकडे वळवल्या होत्या, पण त्या जोडणीला लावायचं उपकरण कधी बाजारातच आलं नाही. त्यामुळे १९९० साली हा खेळ अमेरिकेत गेला तेव्हा व्हीआरसी६ नेऊन उपयोग नव्हता. तिच्या जागी निन्टेन्डोची एमएमसी५ आली आणि संगीत यंत्राच्या मूळ पाच चॅनेलांत नव्याने बसवावं लागलं. गंमत बघ, एमएमसी५ मध्येसुद्धा स्वतःचे जादा आवाज आहेत. पण वाटच नाही म्हटल्यावर ते एनईएसवर ऐकू येणार कुठून!

म्हणून 'अमेरिकन लोकांना साधं संगीत आवडतं म्हणून साधं केलं' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नको. इथे आवड-निवड नाही, दोन तारांचा प्रश्न आहे.

आता कान लावून ऐकायचं काय ते सांगतो. मूळ यंत्रात पाच चॅनेल: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. चौकोनी लहरीची रुंदी बदलता येते, साडेबारा, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर टक्के. आवाज लहानमोठा करायला सोळा पायऱ्या. त्रिकोणी लहर बहुतेक वेळा बेस धरते, पण तिला लहानमोठं करताच येत नाही. एक तर चालू, नाहीतर बंद. व्हीआरसी६ ने यात तीन चॅनेल घातले. दोन चौकोनी, ज्यांची रुंदी आठ पायऱ्यांत बदलते, आणि एक करवती लहर. पाचाचे आठ झाले.

या सगळ्यात खरा जीव आहे तो करवती लहरीत. मिरजेत सतारमेकर गल्लीत कुणाला तानपुऱ्याची जवारी काढताना बघितलं असशील तर पुढचं लगेच पटेल. घोडी घासून घासून अशी करतात की तार तिच्यावर अगदी हलकी टेकत थरथरावी, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी आणतात. त्या जागी तार एकदम फुलते. तार तीच, लावलेला सूरही तोच, पण मूळ सुरावर बसलेले दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर सगळे एकदम ऐकू यायला लागतात. करवती लहरीत हे सगळेच उपस्वर असतात. पन्नास टक्के चौकोनी लहरीत फक्त तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम असतात, म्हणून ती पोकळ वाटते, बासरीपेक्षा क्लॅरिनेटच्या जवळची. पंचवीस टक्क्यांत चौपट आणि आठपट गायब, म्हणून तिला थोडं नाक. त्रिकोणी लहरीत विषमच असतात आणि तेही झपाट्याने दुबळे होत जातात, म्हणून ती गोल आणि मवाळ. पाच चॅनेलांच्या यंत्रात सगळे उपस्वर भरलेला एकही सूर नाही. जपानी 'बिगिनिंग', म्हणजे तुझी पहिल्या टप्प्याची चाल, लावलं की खालच्या पट्टीत जे घुमतं आणि छातीत लागतं ते करवतीचं घुमणं. जवारी उघडल्यासारखं. अमेरिकनमध्ये ते ओझं एकट्या मवाळ त्रिकोणी लहरीने उचललंय.

माझं मत स्पष्ट सांगतो: ऐकायला जपानी रूप श्रेष्ठ. विशेषतः 'बिगिनिंग' आणि पाण्याच्या टप्प्यावरचं 'अक्वेरियस'. अमेरिकन ऐकून मग जपानी ऐकलं की बंद खोलीची खिडकी उघडल्यासारखं होतं.

पण अमेरिकन रूपाला 'कापलेलं' म्हणू नको, हे तुला कळकळीने सांगतो. मी गेली वीस-बावीस वर्षं इथे रेकॉर्डिंग करतो. भजनी मंडळं, शाळांची समूहगीतं, नाट्यपदांचे कार्यक्रम. ऑर्गन, व्हायोलिन, तबला अशी साथ असलेलं पद एखाद्या गावात नुसत्या पेटी-तबल्यावर म्हणायची वेळ आली की कसलेला पेटीवाला काय करतो? तो ऑर्गनचे भरलेले सूर वाजवायला जात नाही. गाणाऱ्याच्या दोन ओळींच्या मधली जागा नेमकी भरतो आणि खालचा सूर अशा ठिकाणी दाबतो की न वाजलेलं कानाला वाजल्यासारखं वाटतं. अमेरिकन आवृत्तीत हेच काम झालंय. योशिनोरी सासाकी यांनी ती मांडणी पाच चॅनेलांत बसवली. त्या काळच्या यंत्रांवर कमी चॅनेलांत जागा भरायची एक जुनी युक्ती असे: दुसरा चौकोनी चॅनेल मोकळा झाला की त्यावर पहिल्याचीच चाल किंचित उशिरा आणि हळू आवाजात वाजवायची. कानाला तो मोठ्या दालनाचा प्रतिध्वनी वाटतो. दुसरी युक्ती म्हणजे तीन सुरांचा मेळ एकाच चॅनेलवर इतक्या भराभर फिरवायचा की तो एकत्र ऐकू यावा. कमी माणसांत बैठक उभी करायची विद्या आहे ती, आणि तुझ्यासारख्या बसवणाऱ्याने ती शिकलीच पाहिजे.

एवढं वाचून सगळ्या खेळांचं असंच असेल असं धरू नको. सेगा कंपनीच्या 'सॉनिक सीडी' या खेळाची गोष्ट अगदी उलटी आहे. १९९३ साली जपान आणि युरोपात नाओफुमी हाताया आणि मासाफुमी ओगाता यांचं संगीत आलं. अमेरिकेत त्याच यंत्रावर, त्याच खेळाला स्पेन्सर निल्सन आणि डेव्हिड यंग यांनी नवं संगीत दिलं. इथे तारेची अडचण नव्हतीच, हा माणसांनी घेतलेला निर्णय होता. पण त्यातही यंत्राने एक फट ठेवली. त्या खेळात भूतकाळात जाता येतं. वर्तमान आणि भविष्यातली गाणी सीडीवर नेहमीच्या गाण्यांसारखी मुद्रित होती, ती बदलणं सोपं. भूतकाळातली गाणी यंत्रातली चिप जागेवर वाजवायची, ती तशीच राहिली. त्यामुळे अमेरिकन आवृत्ती खेळताना भूतकाळात उडी मारली की अचानक जपानी संगीतकारांचा सूर लागतो आणि आत्तापर्यंतच्या चालीशी त्याचं नातंच उरत नाही. जपानी आवृत्तीत एकेका टप्प्याची सगळी रूपं एकाच चालीभोवती विणलेली आहेत, काळ बदलला की चाल जुनी किंवा म्हातारी झाल्यासारखी वाटते. हा धागा अमेरिकेत तुटला. म्हणून त्या खेळात माझं मत जपानीकडे आणखी जोरात झुकतं, अमेरिकन गाणी सुटी ऐकायला चांगली असूनही.

आता मामा. त्या काळी आपल्याकडचं टीव्हीचं प्रक्षेपण पाल पद्धतीचं होतं, सेकंदाला पन्नास चित्रं. जपान आणि अमेरिकेत साठ. या यंत्रावरचं संगीत घड्याळ बघून चालत नाही, चित्रं मोजून चालतं. प्रत्येक चित्रामागे संगीताचा कार्यक्रम एकदा जागा होतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. एक सूर सहा चित्रं धरायचा असं लिहिलं असेल तर साठवाल्या टीव्हीवर तो सेकंदाचा दहावा भाग टिकेल, पन्नासवाल्यावर त्याहून जास्त. मिनिटाला १५० ठोक्यांची लय १२५ वर येते. मामांच्या 'संथ' चा हिशेब हा असा.

यात एक सुंदर गोष्ट आहे. लय उतरली तरी आपल्या सेटवर पट्टी जवळजवळ उतरली नाही. सुराची उंची चित्रांवर नाही, चिपच्या धडधडीवर (क्लॉकवर) ठरते. जपानी-अमेरिकन यंत्राची धडधड सेकंदाला १७.९ लाखांच्या आसपास. युरोपातल्या अस्सल यंत्राची १६.६ लाख. पन्नास चित्रांच्या नकली सेटांत जी चिप सर्रास असायची तिची १७.७ लाख. संगीतात सेकंदाला ४४० कंपनांचा 'ए' लिहिला असेल तर तोच आकडा आपल्या सेटवर सुमारे ४३६ ला वाजतो, कानाला जाणवेल न जाणवेल इतका उतरलेला. युरोपच्या अस्सल यंत्रावर, खेळ बनवणाऱ्यांनी आकडे बदलले नसतील तर, तोच ४०९ ला जातो, अर्ध्या स्वराहून अधिक खाली. म्हणजे नक्कल करणाऱ्यांनी सुराच्या बाबतीत युरोपातल्या अस्सल यंत्रापेक्षा मूळ चाल जास्त जपली. मामांनी चाल योग्य पट्टीत आणि विलंबित ऐकली. बडा ख्याल ऐकल्यासारखी.

आणखी एक गोष्ट मामांना विचार: आवाज थोडा वेगळ्या चवीचा होता का? नकली सेटांतल्या पुष्कळ चिपांत चौकोनी लहरीच्या रुंदीची अदलाबदल झालेली आहे, पंचवीसच्या जागी पन्नास आणि पन्नासच्या जागी पंचवीस. संगीतकाराने नाकातला सूर मागितला की पोकळ यायचा, पोकळ मागितला की नाकातला. मला हे खूप उशिरा समजलं. २०१९ च्या पुरात माझे जुने सेट भिजले, एकच वाचला. त्या सेटची वायर स्टुडिओतल्या रेकॉर्डरला लावून मी 'मारिओ' ची चाल नोंदवली आणि संगणकावर लहरीचं चित्र बघितलं. निम्मी वर, निम्मी खाली अशी पन्नास टक्क्यांची लहर असायला हवी तिथे सरळ पंचवीसची अरुंद लहर. मी कितीतरी वेळ ते बघत बसलो. माझ्या कानात लहानपणापासून बसलेला 'मारिओ' जपानचा नव्हता, अमेरिकेचाही नव्हता. सांगली-साताऱ्याच्या घराघरांत हा तिसराच आवाज वाजत होता, आणि माझ्या लेखी तोही त्या खेळाचा एक प्रादेशिक आवाजच आहे. तो कुणी ठरवून केला नाही म्हणून खोटा ठरत नाही. एका पिढीने तोच ऐकला.

आता तुझ्या कामाचं. यूट्यूबवरून कान लावून उतरवू नको. एनएसएफ नावाच्या फायली मिळतात, त्यांत आवाज नसतो, खेळातला संगीताचा मूळ कार्यक्रमच असतो. त्या वाजवणाऱ्या प्लेअरमध्ये एकेक चॅनेल बंद-चालू करता येतो. जपानी आणि अमेरिकन दोन्ही फायली घे. तुलना करण्याआधी दोघांचा आवाज समान पातळीवर आण, कारण जास्त मोठं वाजणारं कानाला नेहमीच जास्त चांगलं वाटतं. या एका चुकीने कितीतरी वाद उगाच रंगतात. शिवाय व्हीआरसी६ चा आवाज मूळ यंत्राच्या मानाने किती ठेवायचा हे प्रत्येक प्लेअर आपापलं ठरवतो, म्हणून जपानी रूप दोन वेगवेगळ्या प्लेअरमध्ये ऐक.

मग अमेरिकन फाईलमधून फक्त चाल आणि बेस उतरव. हा सांगाडा. एवढ्यावरच उजव्या-डाव्या हाताने वाजव आणि चाल उभी राहते का बघ; राहील. तो पक्का झाला की जपानी फाईलमधले तीन जादा चॅनेल एकेक करून उघड. करवतीसाठी कीबोर्डवरचा सॉ-लीड आवाज घे, पण फिल्टर थोडा उतरव, नाहीतर गॅदरिंगच्या कर्ण्यांवर तो टोचेल. फॅमिट्रॅकर नावाचं सॉफ्टवेअर व्हीआरसी६ चे चॅनेल देतं, त्यात आधी कच्चं बसवून बघितलंस तर हॉलमध्ये चाचपडत बसावं लागणार नाही. तुमच्या बँडमध्ये बेस गिटारवाला असेल तर करवतीची ओळ त्याला दे आणि तू वरचे दोन चौकोनी सूर धर.

लय दीडशेच्या ठोक्याने ठेवायची की मामांच्या सव्वाशेच्या, ते दोन्ही वाजवून ठरव. मला विचारशील तर पहिलं आवर्तन सव्वाशेने सुरू कर आणि दुसऱ्याला दीडशेवर ने. प्रेक्षकांत मामांच्या वयाची माणसं असतील, ती पहिल्या चार मात्रांतच ओळखतील.

मामांचा जुना सेट माळ्यावर असेल तर खाली काढ, मला त्याचं रेकॉर्डिंग ऐकायला फार आवडेल. मात्र जो हाताला लागेल तो अडॅप्टर लावू नको. आधी मीटरवर व्होल्टेज बघ आणि पिनेचा आतला भाग प्लस आहे की मायनस ते सेटवर लिहिलेल्या खुणेशी ताडून बघ. उलटा लागला तर चिप जागेवर जाते आणि तशी चिप आता सहज मिळत नाही. चित्र आलं आणि आवाज आला नाही, तर मागच्या रांगेतल्या मधल्या दोन पट्ट्या खोडरबरने घास.